एकोणसत्तर

“कितीवर आलाय?” भट्टीत कोळसा सारता सारता बॉयलरवाल्यानं मागे न बघता विचारलं.

त्याची लेक, बिट्टी, स्टुलावर उभी राहून भिंतीवरच्या दाबमापकाच्या डब्यातले लाल आकडे वाचत होती. “बासष्ट!”

“शाब्बास. पटापट सांगायचं, अडखळायचं नाही.”

लॉन्ड्रीत सगळ्यांना या बापाचं भारी कौतुक. सुट्टी लागली की पोरं वर्षभराचं शिकलेलं धुऊन टाकतात. हा मात्र लेकीला रोज कामावर आणून वाफेचा दाब वाचायला लावतो, आणि तोही मराठीत. शाळेत ती ‘सिक्स्टी टू’ म्हणायची, इथे तसलं चालत नसे. बापाला इंग्रजी आकडे चटकन उमगायचे नाहीत, हे तो हसत हसत कबूलही करायचा. खरं तर बॉयलरच्या खोलीत लहान मुलं आणायची नसतात. पण अभ्यासाच्या नावाखाली काय वाट्टेल ते खपतं, सुपरवायझरनंही डोळेझाक केली होती.

पंच्याहत्तर ही हद्द. त्यावर दाब गेला की चाक फिरवून वाफ सोडायची. आपोआप उघडणारी झडप केव्हाच गंजून बसली होती आणि मालकाला ती बदलायला सवड नव्हती. चाक फिरवायला उशीर झाला, तर भिंतीपलीकडे चादरींना इस्त्री करणाऱ्या बायकांसकट सगळंच उडणार.

त्या दुपारी चादरींचा ढीग मोठा होता. बॉयलरवाल्यानं कोळसा जरा सढळ हातानं टाकला.

“किती?”

“अडुसष्ट.”

तो घाम पुसत बसला. थोड्या वेळानं पाइपातून बारीक शीळ येऊ लागली. त्यानं कान टवकारले.

“आणि आता?”

बिट्टी थबकली. हे ‘एकोण’वाले आकडे म्हणजे तिच्या डोक्याला ताप. मग तिनं ठसक्यात सांगितलं, “एकोणसत्तर!”

एकच वाढला? म्हणजे अजून बरीच जागा आहे. त्यानं आणखी एक फावडं आत ढकललं.

शीळ चढत गेली. पायाखालची फरशी थरथरायला लागली.

“बिट्टे, मघाशी एकोणसत्तर म्हणालीस, तेव्हा आधी कुठला आकडा होता?”

“सात. मग नऊ. आता आठ आणि तीन आहेत.”

त्यानं धावत जाऊन चाक धरलं. ते हलेना. त्यानं सगळं अंग टाकलं, तेव्हा कुठे ते कचकन फिरलं आणि वाफ किंचाळत छतावरून बाहेर पडली.

सुपरवायझर धापा टाकत आला. काय झालं ते ऐकून त्याचा पारा चढला.

“अरे शहाण्या, पोर चुकली तर चुकली, तू इथेच होतास ना? नुसती मान वर करायची! ते काही नाही. उद्यापासून हिचा अभ्यास घरी. इथे तू एकटा.”

बिट्टीला रडू फुटलं. चूक तिची आणि बोलणी बाबांना!

“काका, हवं तर मला मारा,” ती हुंदके देत म्हणाली, “पण मी आले नाही तर बाबांना आकडे कोण सांगणार? त्यांना हल्ली दिसतात कुठे?”