निळी टोपली

"पांढरी की निळी?" आमचं गाणं चालवणारा हॉइट म्हणाला. "ओलेटा, यंदा तरी ठरव बाई."

ओलेटा हायटावरच्या मुठीत चिठ्ठी होती. चिठ्ठीवर तिच्या धाकट्या भावाचं नाव, डेल्मस टीग. चर्चच्या दाराशी टेबलावर दोन टोपल्या ठेवलेल्या. आजाऱ्यांची नावं पांढऱ्या टोपलीत, गेलेल्यांची निळीत. जेवणाआधी हॉइट ती वाचणार आणि त्यांच्यासाठी गाणं होणार. आमच्याकडे दर जुलैत हेच चालत आलंय.

"एकतीस वर्षं कोणी आजारी असतं का?" हॉइट हळूच म्हणाला. "गेला असेल, तर तुझ्यापायी बिचाऱ्याला एक गाणंसुद्धा मिळालं नाही."

हे मात्र तिला लागलं. डेल्मस वडिलांशी भांडून डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेला. दोन पत्रं आली. मग धरण झालं. पाण्यात घर गेलं, पोस्ट गेलं, सगळं खोरंच गेलं, आणि माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. ओलेटाचं लग्न झालं, मुलं झाली, नवराही गेला. भावाचं नाव तेवढं पांढऱ्या टोपलीत राहिलं. निळ्या टोपलीत टाकायचं म्हणजे आपल्या हातानं त्याला मारायचं, असं तिला वाटे.

"आज टाकते," ती म्हणाली, आणि तशीच मूठ आवळून नवख्यांच्या बाकाकडे गेली.

नवख्यांना सांभाळायचं काम वीस वर्षं तिच्याच गळ्यात आहे. आज एकच आली होती. रेनी कोवाल्स्की, तिशीची, बोटात लग्नाची अंगठी, बोलण्यावरून उत्तरेकडची. आमचं गाण्यांचं आडवं जाड पुस्तक तिनं उलटं धरलं होतं.

"मी हायटावरबाई," पुस्तक सरळ करत ओलेटा म्हणाली. "आधी कधी आली नाहीस ना?"

"नाही. मला वाटलं, लोकसंगीत म्हणजे बँजो असेल."

"बँजो हवा तर त्या पलीकडच्या डोंगरात जा. गिटार घेऊन दुःख सांगायचं असेल तर खाली नदीकाठी. फिडल नाचाला. इथे नुसता गळा. पणजोबांच्या आधीपासून."

"आणि ऐकणारे कुठे बसतात?"

"ऐकणारे नसतातच. सगळे गातात."

रेनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. चार बाजूंना बाकं, मध्ये मोकळी जागा, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले. हे काय प्रकरण आहे, असं तिला वाटलं असणार.

"आता नीट ऐक. पुस्तकात सूर आकारांनी लिहिलेत. त्रिकोण दिसला की फा. गोल म्हणजे सोल. चौकोन ला. शंकरपाळीसारखा दिसला की मी. आधी हे आकार गायचे, मग शब्द."

"का पण?"

"का म्हणजे? तसंच असतं."

पहिलं गाणं सुरू झालं. दीडशे माणसं एकदम तोंड उघडतात तेव्हा बाकं हलतात. रेनीनं गोलाला ला म्हटलं, चौकोनाला मी म्हटलं, मग तोंड मिटून घेतलं आणि सगळे थांबले तेव्हा नेमकं उघडलं. समोरच्या बाकावरच्या दोघी खुदखुदल्या. ओलेटानं त्यांच्याकडे डोळे वटारले आणि बोटानं रेनीला ओळ दाखवत राहिली.

तिसऱ्या गाण्यानंतर रेनी उठली आणि गाड्या लावल्या होत्या त्या बाजूची खिडकी सताड उघडून आली.

"उकडतंय होय? पंखा घे की हा."

"नाही, आवाज बाहेर जायला हवा," रेनी म्हणाली.

खिडकी न उघडताही आवाज पार नाल्यापलीकडे जातो हे ओलेटाला माहीत होतं. पण नवख्यांच्या तऱ्हाच असतात, म्हणून तिनं पुढचं पान उघडलं. मधल्या सुट्टीत रेनी कागदी पेल्यात पाणी घेऊन बाहेर गेली आणि रिकामा पेला घेऊन परत आली. बाहेर झाडाखाली बायका तळलेली कोंबडी आणि मक्याची भाकरी मांडत होत्या. ओलेटा तिकडे फिरकली नाही. तिची मूठ अजून उघडली नव्हती.

"हायटावरबाई, गेलेल्यांची टोपली कुठली?" रेनीनं विचारलं. तिच्याही हातात घडी घातलेला कागद होता.

"निळी."

"नक्की कधी गेली ते माहीत नसेल तर चालतं?"

"चालतं. इथे कोणी दाखला मागत नाही."

रेनीनं कागद टोपलीत टाकला. ते बघून ओलेटाला धीर आला. परकी पोरगी टाकते, मग आपण का भितोय? तिनं मूठ उघडली. घामानं ओली झालेली चिठ्ठी रेनीच्या कागदावर पडली. झालं एकदाचं. तिच्या डोळ्यांना धार लागली.

रेनी काही विचारणार, तोच हॉइटनं सगळ्यांना आत बोलावलं.

आधी पांढऱ्या टोपलीतली नावं झाली. मग त्यानं निळी पुढे ओढली आणि वरची चिठ्ठी उचलली.

"डेल्मस टीग."

ओलेटानं मान खाली घातली. शेजारी रेनी ताडकन उठायला लागली. "अहो, थांबा..."

ओलेटानं तिचा हात दाबून तिला खाली बसवलं. "आत्ता नाही, पोरी. नावं चालू असताना बोलायचं नसतं."

हॉइटनं पुढची चिठ्ठी उघडली, पण वाचली नाही. चष्मा पुसला. ओलेटाकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठीकडे बघितलं.

"ही असली थट्टा कोणी केली?" तो म्हणाला. "इथे ओलेटा टीग लिहिलंय."

सगळी डोकी ओलेटाकडे वळली. तिला काही उमजेना. रडता रडता आपणच आपलं माहेरचं नाव लिहून बसलो की काय? पण आपण तर एकच चिठ्ठी टाकली.

रेनी उभी राहिली. आकार गाताना गोंधळली नव्हती एवढी आता गोंधळली होती.

"चिठ्ठी माझी आहे. थट्टा नाही हो, ती माझी आत्या होती, धरणानंतर तिचा पत्ताच लागला नाही. पण त्याआधी तुम्ही माझ्या बाबांचं नाव का वाचलंत? ते तर बाहेर गाडीत बसलेत."