हणमंतरावांचं हृदय

गेले आठ महिने करायची तसंच आजही मालन पहाटे नवऱ्याला कंपनीनं दिलेला नाडी मोजणारा पट्टा स्वतःच्या मनगटावर बांधून अजिंक्यताऱ्याचा चढ चढून आली. कोरोनातून उठल्यापासून हणमंतला चार पायऱ्यांत धाप लागायची. वीज कंपनीत खांबावरचं काम सोबती सांभाळून घ्यायचे, पण नोकरी राहणार की जाणार, हे पहाटेच्या तासाभरात पट्ट्यानं मोजलेला दम ठरवायचा.

"अगं, पकडले जाऊ," तो सुरुवातीला म्हणाला होता. मग दर महिन्याला 'उत्तम' असा शेरा येत गेला आणि दोघंही निर्ढावली.

आज ती घरात शिरली, तर हणमंत मोरीपाशी आडवा पडलेला. ओठ निळे.

"अहो! अहो, उठा ना!"

हल्ली रुग्णवाहिकाही पट्ट्यानं सांगितल्याशिवाय निघत नसे. तिनं मनगटावरच्या पट्ट्याचं लाल बटण दाबलं.

"हणमंतरावांचं हृदय ठणठणीत आहे," पट्टा गोड आवाजात बोलला. "जरा धडधडतंय, एवढंच. शांत बसा. रुग्णवाहिकेची गरज नाही."

"अरे मुडद्या, माणूस मरतोय इथं!"

मालननं पट्टा ओरबाडून काढला आणि नवऱ्याच्या गार पडत चाललेल्या मनगटावर करकचून आवळला. नाडी तुटक का होईना, लागत होती. आता तरी कळेल मेल्याला, म्हणून तिनं पुन्हा बटण दाबलं.

पट्ट्यानं नाडी मोजली. मग करड्या आवाजात म्हणाला, "आठ महिने मी हणमंतरावांचं हृदय ओळखतो. हे त्यांचं नाही. पट्टा त्यांना परत करा."