शांत राहिलेली बशी

"चहासुद्धा विचारत नाहीत मेले," इस्पितळात भावजयीच्या खाटेशी बसलेल्या मंदाताई पुटपुटल्या.

कॅन्सरचं हे औषध आता आधी बशीत काढलेल्या रुग्णाच्या रक्ताला पाजत. ते खवळलं नाही, तरच माणसाला देत. भावजयीचं, शर्मिलाचं रक्त तीनदा खवळलं होतं आणि दुसरं औषध उरलं नव्हतं. चौथा नमुना घरून आला. ती बशी शांत राहिली. तेव्हापासून घरात कुणी कुणाच्या डोळ्यांत बघेना.

नर्स सुई घेऊन आली.

"वन्सं, हात धरता ना?" शर्मिला म्हणाली.

मंदाताईंनी हात धरला, सोडला, पुन्हा धरला. भाऊ खिडकीबाहेरच बघत राहिला.

"थांबा हो जरा," त्या नर्सला म्हणाल्या. "बशीतलं रक्त माझं आहे."