मिसेस प्यू तिथं होत्या

दार उघडलं आणि आत आल्या मिसेस प्यू, कडेवर नातू घेऊन. रिआनला आधी वाटलं, आपल्याला भासच होतोय.

दुसरं कोणीही आलं असतं तरी तिला नवल वाटलं नसतं. वर्तमानपत्रांनी तेव्हा सगळ्या आयांची झोप उडवली होती. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची सरकारी एकत्र लस टोचली, की बोलतं मूल गप्प होतं, आपल्यातच हरवतं, अशी आवई उठली होती. म्हणून ज्यांना झेपेल ते आईबाप बाळाला कार्डिफच्या या खाजगी दवाखान्यात आणायचे आणि तिन्ही लसी वेगवेगळ्या टोचून घ्यायचे. रिआनही खोऱ्यातल्या आपल्या गावाहून दोन बस बदलून बाळाला, टोमोसला घेऊन आली होती.

पण मिसेस प्यू? गावात घरोघर जाऊन बाळं तपासणारी सरकारी नर्स! गेल्याच आठवड्यात त्यांनी रिआनच्या स्वयंपाकघरात बसून तिला बजावलं होतं, "अगं पोरी, एकत्रच घे. वेगवेगळ्या घेतल्या की मधे महिनेच्या महिने जातात. तेवढे दिवस बाळाला धोका."

मिसेस प्यूंनी खोलीभर नजर फिरवली. रिआन दिसताच त्या लगबगीनं पुढे आल्या आणि आजूबाजूच्या आया बघून थबकल्या.

"अगं बाई! म्हणजे तुम्हीसुद्धा?" रिआनला हसू आवरेना.

मिसेस प्यू लालबुंद झाल्या. "रिआन, आज माझी सुट्टी आहे. मी काही नर्स म्हणून आले नाही..."

"कळलं हो! आजी म्हणून आलात."

तेवढ्यात आतून टोमोसचं नाव पुकारलं. लस टोचून रिआन बाहेर आली तेव्हा मिसेस प्यू तिथं नव्हत्या. नातवाला घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या असतील, असं तिनं गृहीत धरलं.

रिआनच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. घरी येऊन बाळाचं टोपडं काढायच्या आधी ती मागच्या अंगणाच्या भिंतीशी गेली. पलीकडे जोडी नावाची तिची शेजारीण कपडे वाळत घालत होती.

"जोडी, ऐकलंस का? आपल्याला शहाणपण शिकवणारी ती बया स्वतःच्या नातवाला घेऊन कार्डिफला बसली होती!"

"काय सांगतेस!" जोडीच्या हातातला चिमटा खाली पडला. दुसऱ्या दिवशी ती आपल्या मेगनला गावातच एकत्र लस द्यायला नेणार होती. "मग मी कशाला जाऊ मरायला तिथं?"

"नाही तर काय! मुळीच जाऊ नकोस."

कार्डिफचा खर्च जोडीला झेपणारा नव्हता. "बघू पुढे," ती म्हणाली, आणि ते पुढे बघायचं राहूनच गेलं.

बातमी गावभर झाली. चिप्सच्या दुकानात रांगेतल्या एकीनं मिसेस प्यूंना तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या नातवाला एकत्र लसच दिली आहे."

"मग तिथं कशाला गेला होतात?"

"ते मला सांगता येणार नाही."

आता यावर कोण विश्वास ठेवणार? रांगेत खसखस पिकली. पुढे त्यांच्यासाठी कोणी दार उघडेना, उघडलंच तर चहा विचारीना. शेवटी त्यांनी नोकरी सोडली.

मेगन शाळेत जायला लागली त्या वर्षी खोऱ्यात गोवर आला. टोमोसला काही झालं नाही. मेगनचा ताप मात्र मेंदूपर्यंत गेला. पोरगी वाचली, पण दोन्ही कान गेले.

एकत्र लशीची ती आवई साफ खोटी होती, हे तोवर शहाण्या माणसांनी शंभरदा सांगून झालं होतं. आता त्याचा काय उपयोग? संध्याकाळी गल्लीत पोरं खेळायची. बाकीच्या आया दारातून हाका मारायच्या. जोडी मात्र चप्पल घालून गल्लीच्या टोकापर्यंत जायची आणि मेगनच्या खांद्यावर हात ठेवायची. रिआन खिडकीतून ते बघत राहायची. जोडी तिला कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं रिआनला वाटायचं. मग ती सगळा राग मिसेस प्यूंवर काढायची. त्या बाईनं दुटप्पीपणा केला नसता, तर मी कशाला काय बोलले असते?

एकदा चर्चमधल्या चहापानानंतर रिआन आणि मिसेस प्यू बशा धुवायला एकत्र आल्या. आत दुसरं कोणी नव्हतं. मिसेस प्यू आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. रिआनला राहवलं नाही.

"मेगन दिसली का आज? सगळी पोरं गात होती आणि ती त्यांच्या ओठांकडे बघत उभी होती. तुम्ही त्या दिवशी तिथं नसतात, तर तिचे कान शाबूत असते."

मिसेस प्यू बशी पुसत राहिल्या. "खरं आहे गं. मी तिथं जायला नको होतं."

"मग का गेलात? आता तरी सांगा की!"

"तेव्हा सांगायचं तर गावासमोर कुणाचं तरी नाव घ्यावं लागलं असतं. माझ्या कामात ते चालत नाही. आणि आता सांगून काय होणार? तुझी झोप जाईल."

"ती कधीच गेली आहे."

मिसेस प्यूंनी बशी खाली ठेवली.

"तुझ्या आईनं फोन केला होता त्या दिवशी. म्हणाली, आमची पोरगी कुणाचं ऐकत नाही, निघाली बघा बाळाला घेऊन. नातू माझ्याकडे सांभाळायला होता, त्याला कुठं ठेवू? तसाच गाडीत घातला. आले तर तू चारचौघींत बसलेली. कसं बोलावं ते सुचेपर्यंत तुम्हाला आत बोलावलं." त्यांनी ओला हात रिआनच्या हातावर ठेवला. "तुलाच परत न्यायला आले होते गं मी."