पडद्यावरचा फोन

टाळ्या अजून चालू होत्या तेवढ्यात संघरत्ना उठून उभी राहिली.

"साहेब, हे भिंतीवर नको," ती पुढे बसलेल्या साहेबांना म्हणाली. "खऱ्या फोनवर करून दाखवायला सांगा."

टाळ्या थांबल्या. समाजमंदिराच्या भिंतीवर तो भलामोठा फोन अजून दिसत होता. त्यावर लिहिलं होतं, निरोप पोचला, गाडी निघाली. नरेंद्रने लॅपटॉपवरून हात उचलला आणि तिच्याकडे नुसतं बघितलं. शहापूरच्या त्याच्या ऑफिसात ती कामाला होती. त्याच्याच गाडीतून ती आज इथे आली होती.

वैशाखऱ्याच्या वरच्या पाड्यांसाठी हा प्रोग्रॅम होता. कुणाला साप चावला, कुणी बाई अडली, की पाड्यावर आरोग्याचं काम करणाऱ्या बाईने फोनवरचं एक बटण दाबायचं. टोकावड्याला उभ्या असलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला निरोप जाणार, की गाडी निघणार. संघरत्नाने तो लिहिला होता, पण तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. म्हणून ती संगणकावर फोनचं चित्र उघडायची आणि माउसने त्याची बटणं दाबायची. त्या चित्राला ऑफिसात सिम्युलेटर म्हणत. तेव्हाच्या फोनवर मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून तिने एकेका वाक्याचं चित्र करून आत बसवलं होतं.

सिम्युलेटरमध्ये सगळं नीट चालायचं. तिथे रेंज कधी जातच नसे, आणि तिला काळजी होती ती हीच. ऑफिसात एक खरा फोन होता, पण तो नरेंद्रच्या कपाटात असे. तिने तो कितीदा तरी मागून बघितला. शेवटी नरेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला होता की तुमच्या वस्तीत फोन कुणी हातात तरी धरलाय का, तुला दिला तर उद्या बाजारात दिसेल. पोरं हसली होती. त्यानंतर तिने मागणं सोडलं.

आता मात्र समोर पाड्यातल्या बाया बसल्या होत्या आणि टेबलावर नवे फोन मांडून ठेवले होते.

पुढच्या रांगेतला एक पुढारी ओरडला की हिला कोणी बोलायला सांगितलं, खाली बसवा. मागून कोणीतरी तिच्या वस्तीचं नाव घेतलं. सगळ्यात जास्त चिडली ती रंगू. पाड्यावरचं आरोग्याचं काम तीच बघायची, आणि पहिला फोन तिलाच मिळायचा होता. "चांगल्या कामाला नाट नको लावू गो," ती म्हणाली. साहेब तालुक्याहून आले होते. त्यांना घाई होती. त्यांनी रंगूला खूण केली, की दाब एकदाचं, म्हणजे विषय मिटला.

रंगूने फोन उचलला आणि बटण दाबलं. जरा वेळाने तिने पडदा सगळ्यांकडे फिरवला. निरोप पोचला, गाडी निघाली.

यावेळी टाळ्या जास्त जोरात वाजल्या. नरेंद्र हसला. संघरत्ना पुढे गेली आणि तिने फोनमध्ये डोकावून बघितलं. रेंजची एकही दांडी नव्हती. निरोप जाणं शक्यच नव्हतं. अशा वेळेसाठी तिने वेगळं वाक्य बसवलं होतं. ते यायला हवं होतं. ते आलं नाही.

"गाडी येते का तेवढं बघू," ती म्हणाली.

सगळे थांबले. चहा झाला. पोरं बाहेरच्या वळणावर जाऊन उभी राहिली आणि कंटाळून परत आली. साहेबांनी एकाला मोटरसायकलवरून खाली टोकावड्याला पिटाळलं. तो परत आला तेव्हा एकटाच होता. ड्रायव्हर फोन हातात घेऊन गाडीपाशीच बसला होता. त्याला कसलाही निरोप आला नव्हता.

आजवर कुणाला साप चावला तर माणसं वाट बघत बसत नसत, झोळी करून थेट रस्ता गाठत. हा फोन असता तर ती गाडीच्या भरवशावर बसून राहिली असती. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं असावं, कारण बायांनी पोरांना जवळ ओढलं.

साहेबांनी विचारलं, जबाबदार कोण.

नरेंद्रने बोट उचलून संघरत्नाकडे दाखवलं. प्रोग्रॅम हिचा आहे, तो म्हणाला, मी हिच्यावर विश्वास टाकला. चूक पकडली जाणार हे कळल्यावर शहाणपणा दाखवायला उभी राहिली. उद्यापासून ही माझ्याकडे नाही. पुढारी म्हणाला, कुणाचा जीव गेला असता तर मढं हिच्या दारात आणून टाकलं असतं.

निरोप न गेल्याचं ते वाक्य संघरत्नाने खऱ्या फोनवर कधी बघितलंच नव्हतं. कुठेतरी आपलंच चुकलं असणार, असं तिला खरंच वाटलं. मान खाली घालून ती चपला शोधायला वळली.

रंगू अजून टेबलापाशीच होती. तिने हातातला फोन नरेंद्रच्या पुढ्यात ठेवला. तिला वाटलं होतं, उन्हाळ्यात जे दिसलं ते एव्हाना दुरुस्त झालं असेल, आणि त्याबद्दल तिला कोणी विचारलंही नव्हतं.

"साहेब, उन्हाळ्यात हे असाच एक फोन घेऊन आलते," ती नरेंद्रकडे बोट करून म्हणाली. "हितंच मी बटन दाबलं. तवा त्याच्यात आलतं, निरोप गेला नाही, माणूस पाठवा. हे बोलले, हे वाक्य बरं दिसत नाय, काढून चांगलं टाकतो."