तीनशे बहात्तर

"गंधार चढतोय गं," इंदुताई म्हणाल्या. सहा महिने हेच चाललं होतं. गंधार लागेपर्यंत मैफल नाही, अशी त्यांनी आपल्या शिष्येला, शर्वरीला, ताकीद दिली होती.

शर्वरीने घरी मोबाइलवर अ‍ॅप उघडलं. ते सप्तकाचे बाराशे भाग करून सूर षड्जापासून किती वर आहे ते मोजतं. तिने गंधार मोजला.

ताईंची तिशीतली कॅसेट : ३८६.
शर्वरी : ३८६.

दुसऱ्या दिवशी ताई शिकवत असताना तिने मोबाइल शेजारी ठेवला.

ताई, आज : ३७२.

पुढच्या शिकवणीला शर्वरीने गंधार चौदा भाग खाली लावला.

"आत्ता लागला! रविवारी गा."

रविवारी मैफलीच्या मध्यंतरात ताईंचे जुने तबलजी कुजबुजले, "पोरीचा गंधार उतरतोय हो."

"कान तपासून घ्या," ताई म्हणाल्या.