महिन्याला किती धरायचे

मुलगा जगला असता तर त्यानं महिन्याला किती कमावलं असतं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

अहिल्यानगरच्या जिल्हा न्यायालयात शनिवारची लोकअदालत भरली होती. तडजोडीच्या टेबलाशी जामखेडचा रंगनाथ गवंडी, त्याची बायको भागिरथी आणि त्यांची वकील माधुरी. समोर विमा कंपनीचे वकील, मधे न्यायाधीश. रंगनाथचा कानिफ केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. सुट्टीला घरी येताना टेम्पोनं त्याच्या मोटारसायकलीला उडवलं, त्याला आता दोन वर्षं होत आली. चूक टेम्पोवाल्याची होती, यावर वाद नव्हता. भरपाई द्यायची, यावरही नव्हता. पण परीक्षेआधीच गेलेल्या पोराला पगार कुठला असणार? तो अंदाजानं धरायचा होता.

"बारा हजार धरू," विमा कंपनीचे वकील म्हणाले. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या भागिरथीपुढे पाण्याचा ग्लास त्यांनीच सरकवला होता. "साहेब, माझा सख्खा भाचा केमिकल इंजिनीअर आहे. एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागलाय, हातात चौदा पडतात. खोलीभाडं आणि मेस गेली की शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता त्याचा बापच भरतो."

"पंचवीस तरी धरा," माधुरी म्हणाली. "हुशार मुलगा होता. त्याच्या शिक्षणाचं सात लाखांचं कर्ज आज काकांच्या डोक्यावर आहे."

"तेच तर म्हणतोय मी. सात लाखांचं कर्ज काढायचं आणि बारा-चौदा हजारांवर राबायचं. फिटणार कधी आणि खाणार काय?"

रंगनाथची मान खाली गेली. भागिरथीनं पदराआडून नवऱ्याकडं पाहिलं.

"तुमी बी कानिफला असंच म्हनला हुता," ती हळूच म्हणाली. "शब्द बी ह्येच हुते."

आपलं म्हणणं एखाद्या वकिलाच्या तोंडून ऐकायला मिळालं की माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. रंगनाथच्या अंगावर होतं तेही उतरलं. आपलं खरं ठरू नये, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

न्यायाधीशांनी घड्याळाकडं पाहिलं. बाहेर अजून बरीच माणसं ताटकळत होती.

"असं करू, पंधरा धरू," ते म्हणाले. "मुलगा अविवाहित होता, म्हणजे निम्मे त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा होतील. तसा नियमच आहे. उरतील त्यावर हिशेब करू. कर्ज फिटून तुमच्या हातातही काही राहील. काका, मान्य आहे?"

"न्हाई," रंगनाथ म्हणाला.

माधुरी चमकली. सकाळीच तो तिला म्हणाला होता, की देतील ते घेऊ ताई, आन सुटू.

"पैल्या वर्षी पंचवीस," रंगनाथ टेबलाकडं बघत म्हणाला. शाळेतला पोरगा पाठ म्हणून दाखवतो तसं चाललं होतं. "तिसऱ्या वर्षी चाळीस. पाचव्या वर्षी कर्ज खल्लास. सहाव्या वर्षापासनं तात्यांनी परांचीवर चढायचं न्हाई."

"तात्या कोण?"

"मी. कानिफ मला तात्या म्हनायचा."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "हे आकडे त्याचे आहेत का?"

"व्हय साहेब. कालेजात जायच्या आधी त्यानं मांडून दावलं हुतं. घरातल्या भिंतीवर, खडूनं. आमी गवंडी मान्सं, हिशेब भिंतीवरच करतो."

"त्या हिशेबाचा फोटो आहे का?" माधुरीनं घाईनं विचारलं. "भिंत असेल ना अजून?"

"भिंत हाय," रंगनाथ म्हणाला. "पर मला तवा राग आला हुता. म्हनलं, बापाला हिशेब शिकवतो व्हय. दुसऱ्या दिशी सकाळीच तिला गिलावा केला. माल त्यानंच कालवून दिला मला. एका शब्दानं बोलला न्हाई. मागनं हिनं हट्ट धरला म्हनून कर्जावर सही केली मी, पर मनातनं न्हाई केली. सगळं घर अजून उघड्या विटांचं हाय साहेब. तेवढी एकच भिंत गिलाव्याची हाय."

विमा कंपनीचे वकील बराच वेळ समोरचे कागद नुसतेच सारखे करत राहिले.

"अठरापर्यंत मला मुभा आहे, साहेब," शेवटी ते म्हणाले. "अठरा धरा."

अठरा धरले. निम्मे वजा झाले. माधुरीनं बोट ठेवलं तिथं रंगनाथनं सही केली, भागिरथीनं अंगठा दिला, आणि शिपायानं पुढचं नाव पुकारलं.

बाहेर ऊन कडक होतं. दोघं एसटी स्टँडकडं चालायला लागली. भागिरथी नेहमीसारखी दोन पावलं मागं होती. रस्ता ओलांडायला थांबली तेव्हा ती त्याच्या बरोबरीला आली.

"अवो," ती म्हणाली, "छिन्नीनं हळूहळू काढला त्यो गिलावा, तर दिसंल का खालचं त्याचं खडूचं अक्षर?"

उसाचा एक ट्रॅक्टर गेला, दोन रिक्षा गेल्या. रस्ता मोकळा झाला तरी रंगनाथ उभाच होता.

"अगं," तो म्हणाला, "गिलाव्याच्या आधी भिंत पान्यानं भिजवावी लागती."